वर्गणी बाकी

'सोनेरी पिढी' हा शब्द परवाच्या सत्कारातला.
माइकवर कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही पाचसहा जण
एकमेकांच्या टकलांकडे बघून हसलो.
सोनं कुठलं त्या वर्षी,
पितळेची शिट्टीसुद्धा मिरज जंक्शनच्या गार्डाकडून आणलेली.
वहीत लिहिलंय : शिट्टी एक, परत करणे.
केलेली नाही.

मी खेळत नव्हतो. डावा पाय लहानपणीच वाळलेला.
मी वही धरायचो.
चुना अर्धी गोणी. लिंबं दोन डझन.
ब्लॅडर पंक्चर, सायकलवाल्या गैबीने पैसे घेतले नाहीत.
इनास, वर्गणी बाकी.
दस्तगीर, वर्गणी बाकी.
मल्लू हत्तरकी, वर्गणी भरली,
आणि त्यातलेच पाच रुपये उसने मागून नेले.

दस्तगीर दिवसभर सतारीचे भोपळे घासायचा.
संध्याकाळी गोलात उभा राहिला की भुवयांवर भुसा,
आणि चेंडू हातात आला की लगेच फेकायचा नाही,
अंगठ्याने दाबून बघायचा,
आतून वाळलाय का अजून ओला आहे.
कोरेमास्तर बाहेरून शिव्या घालायचे.
सबंध मोसमात चार गोल खाल्ले त्याने.
त्यातले तीन पहिल्याच मॅचला.

ती सांगलीत. तीन-शून्य.
परतीच्या बसला पैसे पुरेनात, म्हणून चालत निघालो,
बूट गळ्यात, विश्रामबागेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही.
मग मल्लू म्हणाला,
निदान भडंग तरी खायला पाहिजे होतं रे.
एवढंच.
पण कृपामयीच्या अलीकडे सगळे रस्त्याकडेला बसून हसत होते,
पोटं धरून,
आणि एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, कितीने जिंकलात?

नंतर आम्ही हरलो नाही.
का, ते मला सांगता येत नाही. वहीत तसा रकाना नव्हता.

इनासच्या पायात बापाचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेले.
तो उजव्या बाजूने सुटला की
रेल्वे कॉलनीतल्या बायका पापड उन्हात टाकून कुंपणाशी यायच्या.
सॅम्युअल आवळे मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय,
रात्रपाळी उरकून थेट मैदानात,
हाफटाइमला गोलपोस्टाला टेकून झोपायचा.
त्याला कुणी हाक मारायची नाही, असं ठरलेलं होतं.
शिट्टी वाजली की उठायचा
आणि समोरच्या फॉरवर्डला पेशंट उचलावा तसा
अलगद बाजूला ठेवायचा.

फायनलचा गोल मल्लूच्या गुडघ्याला लागून गेला.
तो पाठमोरा होता, रेफ्रीशी भांडत होता.
तो म्हणाला, मारला.
आम्हीही म्हणालो, मारला.
परवा सत्कारात तो हेडर झाला होता,
मी खुर्चीत गप्प बसलो.

चषक फिरता. वर्षभर दस्तगीरच्या दुकानात होता,
भोपळ्यांच्या रांगेत उपडा, आत धूळ जाऊ नये म्हणून.
गिऱ्हाईक विचारायचं, ह्या वाद्याचं नाव काय?
वर्ष संपल्यावर परत दिला.
पोचपावती आहे.

तोवर इनासला भुसावळची ऑर्डर आली होती.
सॅम्युअल मस्कतला, तिथल्या हॉस्पिटलात.
मल्लूने त्याच गुडघ्याचं ऑपरेशन केलं.
पुढच्या मोसमाचं पहिलं पान :
हजर सात.
दुसरं पान कोरं.

सत्कार संपला, शाली घड्या झाल्या,
दस्तगीर जवळ आला. बोटं आता सरळ होत नाहीत त्याची.
म्हणाला, माझी वर्गणी राहिलीय ना अजून?
मी वही उघडली. शाई तपकिरी झालेली. सहा रुपये.
त्याने खिशातून दहाची नोट काढली,
पुढे केली.
खिशात माझ्या चिल्लर खुळखुळत होती.
मी म्हणालो,
सुटे नाहीत.